मदत, म्हणे

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे गाठमावशी म्हणत, कारण तिने मारलेली गाठ सुटत नसे. ओल्या चादरींची गाठोडी असोत की फाटक्या पोत्यांची तोंडं, बांधायला मावशीच लागायची.

चादरींना इस्त्री करायला तिथे वाफेचा मोठा रूळ आहे. रुळाच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात चुकून पुढे गेला तर तो दांडीला लागतो आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. पण चादरीची जाड घडी लागली तरी ते थांबायचं, आणि दिवसाच्या सहाशे चादरी काही थांबत नसत. म्हणून एके दिवशी मुकादम म्हणाला, "मावशी, हिला जरा मागे बांधून टाका." मावशीने रोग्याच्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि दांडी मागे बांधली. सात वर्षं ती गाठ तशीच होती. आठव्या वर्षी मावशीच्या उजव्या हाताची तीन बोटं रुळात गेली.

पुढे चार महिने शेजारीण रोज सकाळी येऊन तिची वेणी घालायची, कपडे पिळून द्यायची. मावशी एकदा म्हणाली, "किती करतेस गं माझं." शेजारीण म्हणाली, "गप बसा आणि मान सरळ ठेवा." मावशीच्या लेखी मदत म्हणजे एवढंच. पूर्वी शेजारणीचं बाळंतपण तिने असंच न बोलता काढलं होतं.

मग ऑफिसातून बोलावणं आलं. मॅनेजर गोड बोलत होता.

"भरपाई बसत नाही मावशी. दांडी तुम्हीच बांधली होती ना?"

"मुकादमांनी सांगितलं म्हणून."

"तसं कागदावर कुठे आहे?" शेजारी उभा असलेला मुकादम खिडकीबाहेर बघत राहिला. मॅनेजर पुढे म्हणाला, "पण मालकांना दया आहे. ते मदत करतायत."

त्याने कागद पुढे सरकवला. अपघात माझ्या चुकीने झाला, तरी मालकांनी माणुसकीने मदत केली, यापुढे माझं काही मागणं नाही, असं त्यावर छापलं होतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं तिची गेली आणि माणुसकी मालकाची झाली. पण खोलीचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि घरमालक सामान बाहेर काढायच्या गोष्टी करत होता. कागद तसाच ठेवून ती उठली.

बातमी तिच्याआधी गल्लीत पोचली. "मदत मिळाली म्हणे," वाणी म्हणाला, "नशीबवान आहात." हा माणूस तिला बावीस वर्षं ओळखत होता. मावशीने साखर न घेताच पिशवी उचलली.

चेक द्यायचा कार्यक्रम धुलाईघरातच ठेवला. फोटोवाला आला, टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, आणि मागे रूळ चालूच ठेवला, कारण वॉर्डातून चादरींची मागणी होती. मालकांनी चेक पुढे धरला. टाळ्या झाल्या. मॅनेजरने कागद टेबलावर ठेवला आणि पेन तिच्या डाव्या हातात दिलं.

भाडं डोळ्यांसमोर होतं. सही करायची असं ठरवूनच ती घरून निघाली होती. पेन टेकवता टेकवता तिची नजर रुळाकडे गेली. तिच्या जागी आलेली बाई चादर आत सोडत होती. दांडी मागे बांधलेली होती. नाडी नवीकोरी होती.

"कुणी बांधायला लावली?" मावशीने विचारलं.

बाई चादरीकडेच बघत म्हणाली, "मुकादमांनी."

मावशीने पेन ठेवलं. रुळाशी गेली, त्या बाईला मागे सारलं, आणि डाव्या हाताने नि उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांनी गाठ सोडवू लागली. जमेना, तेव्हा दात लावले. बराच वेळ लागला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला, टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले. गाठ सुटली, दांडी पुढे आली, बाईच्या हातातल्या चादरीची घडी तिला लागली आणि रूळ थांबला. वॉर्डाच्या चादरी थांबल्या म्हणून मुकादम ओरडायला लागला आणि मालकांकडे बघून गप्प झाला.

मावशीने नाडी त्या कागदावर ठेवली.

"ही गाठ माझी नाही. माझी असती तर सुटलीच नसती. ही कागदाला जोडा, बांधायला कोण सांगतं ते वर लिहा, आणि मग मदत लिहायचं की भरपाई ते ठरवा."

मॅनेजर म्हणाला, "मावशी, मग आज चेक देता येणार नाही."

"ठीक आहे," मावशी म्हणाली. तिने खुर्ची ओढली, दांडी आणि त्या बाईच्या मधे ठेवली, आणि बसली.