वर आलेलं बी

माझी बायको दिवाळीच्या आधी गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी सुनेची धंतोलीच्या दवाखान्यात टेस्ट ट्यूब बाळासाठी तिसरी खेप सुरू झाली. मी चौथी शिकलो. जसं आठवते तसं लिहितो.

पोराचे शुक्राणू कमजोर निघाले होते. दोनदा गर्भ ठेवला, दोनदा गेला. या वेळी मीही सोबत जाऊ लागलो, घरी एकट्यानं बसवत नव्हतं म्हणून. तिथल्या लॅबमधल्या बाईनं समजावून सांगितलं. नळीच्या तळाशी वीर्य ठेवतात, वरून औषधाचं पाणी सोडतात. ज्याच्यात दम आहे तो पोहत वर येतो. मेलेले, लुळे खालीच राहतात. वर आलेल्यातला एक निवडून सुईनं बाईच्या बीजात सोडतात.

मी म्हटलं, बाई, तुम्ही तर उलटं करून राहिल्या. सावनेरकडे आमची शेती होती. बायको पेरणीच्या आधी ज्वारीचं बी मिठाच्या पाण्यात टाके. वर आलं ते पोचट, ते हातानं काढून फेकून देई. बुडालं तेच पेरायचं. जन्मभर तिनं असंच निवडलं. बाई हसली. म्हणाली, काका, आम्ही इथं बुडालेलं फेकतो.

चार गर्भ तयार झाले. पाचव्या दिवशी तिघांची वाढ थांबलेली. एक चांगला निघाला, तोच आत ठेवला. सुनेनं सांगून टाकलं, हा शेवटचा, यापुढे माझ्या अंगात ताकद नाही. निघताना त्या गर्भाचा फोटो दिला. करडा गोल, आत दाणेच दाणे.

घरी आल्यावर मी तो बायकोच्या फोटोपुढं टेकवला. तिले दाखवावं म्हटलं. सून पाहून जागीच उभी राहिली.

"बाबा, तिथं जित्या जीवाचा फोटो ठेवत नसतात."

मी लगेच उचलला. पण दाखवून तर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा कामावर, सून आत पडलेली. स्वयंपाकघरातून आवाज आला. पाण्यात हात फिरवल्याचा, पितळेवर दाणे घासल्याचा. थांबे, पाणी निथळे, पुन्हा सुरू. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. उठून पाहिलं तर ओटा कोरडा. तिचा पितळेचा गंज, बी धुवायचं पातेलं, फळीवर पालथा. बेसा वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये ती कधी बी निवडायला बसली नव्हती.

मी कोणाले बोललो नाही. रोज दुपारी ऐकत राहिलो. सातव्या दिवशी सुनेनंच विचारलं.

"बाबा, दुपारी तुम्ही काही धुता का? दाण्यासारखं?"

तांदूळ धुतो म्हणालो. मले भात लावता येत नाही हे तिले माहीत आहे. ती पोटावर हात ठेवून आत गेली.

तेव्हा मले समजलं. बायको निवडून राहिली होती. अन् आमचं तर वर आलेलं. वर आलेलं तिच्या हातानं कधी ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी आवाज सुरू झाला तसा मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"ते वर आलेलं आहे, पण पोचट नाही. इथलं उलटं असते. त्याले हात लावू नको वं. राहू दे."

आवाज मध्येच तुटला. पाणी निथळल्याचंही ऐकू आलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. आता सुनेले सहावा महिना आहे.

मी दुपारी दारात खुर्ची टाकून बसतो. गंज उतरवून, पाणी भरून ओट्यावर ठेवला आहे. काही वाजत नाही. घरात तिचं तेवढंच उरलं होतं, अन् हात थांबव म्हणून मीच सांगितलं.