नो रिप्लाय

विमान मुंबईहून सुटून चार तास झालेत. बाहेर लख्ख दुपार आहे, पण खिडक्या बंद करायला लावल्यामुळे आत तिन्हीसांज झाल्यासारखं वाटतं. बत्तिसाव्या रांगेत विमल सोनटक्के डोळे मिटून बसलीय आणि झोप येता येता परत जातेय. वय एकोणसत्तर. आठवडाभर अकोल्याचं घर आवरून, भांडीकुंडी वाटून, किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन ती टोरांटोला मुलाकडे कायमची निघालीय. अंगात त्राण म्हणून उरलेलं नाही.

मुलानं फोनवर बजावलं होतं, की विमानातले हेडफोन अगदीच टाकाऊ असतात, सिनेमापेक्षा इंजिनाची घरघरच जास्त ऐकू येते. स्वतःचा घेऊन ये. आणि सीटच्या हाताला दोन भोकं असतात, तेव्हा दोन पिनांचा तो छोटा तुकडाही आण. तिनं दोन्ही आणलं. पण तो तुकडा सैल बसतो. कोपर लागलं की आवाज जातो. पडद्यावरची बाई नवऱ्याला काहीतरी महत्त्वाचं सांगायला लागते आणि नेमकी तेव्हाच खरखर.

"अर्धा फिरव," शेजारून कुणी म्हणतं. "अन् जरासा बाहेर ओढ. असा दाबू नको."

विमल तसं करते. आवाज स्वच्छ येतो. शेजारची सीट मुंबईपासून रिकामी होती हे तिच्या लक्षात आहे, पण मान वळवायचाही कंटाळा आलाय. वळवायची गरजही नाही. अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं हा आवाज तिच्या उजव्या हाताला बसलेला होता. चंद्रकला वानखडे. मार्चमध्ये गेली.

सीटच्या हाताला आता भोकांच्या रांगाच रांगा आहेत. समोरचा पडदा उभा होत होत ट्रंककॉल जोडायचा बोर्ड झालाय. एक्स्चेंजमधल्या एसीचा तो जुना गारठा पायांशी लागतो. पुढच्या सीटांवरचे दिवे एकेक करून लागतायत आणि प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी आपल्या कॉलची वाट बघतंय. चंद्रकला मोहरी रंगाचं स्वेटर घालून भराभर भोकांत दोऱ्या लावते, काढते. आजारपणात गळालेले केस परत आलेत.

"तू एवढी थकलेली काहून दिसते?" ती विचारते.

विमल घर आवरल्याचं सांगते. तिला सांगायचं आहे ते निराळंच.

आजारी पडल्यापासून चंद्रकला रोज दुपारी तीनला फोन करायची. दोन वर्षं. तासभर बोलायची; डॉक्टर, सून, भाजीवाली, मग पुन्हा डॉक्टर. मार्चमधल्या त्या दुपारी विमल पलंगावर आडवी झाली होती. फोन वाजला. पडद्यावर नाव दिसलं. आज नको, उद्या बोलू, असं म्हणून तिनं तो उशीखाली सरकवला आणि वाजून वाजून बंद होऊ दिला. सकाळी चंद्रकलाच्या मुलाचा फोन आला. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितलेली नाही.

"मी घरातच होते," विमल म्हणते. "मला दिसत होतं तुझं नाव."

"माहीत आहे."

"कसं?"

"अठ्ठावीस वर्षं घंटी ऐकली मी. रिकाम्या घरात वाजते ती निराळी. कुणी ऐकत असते ती निराळी."

विमलच्या हातातली दोरी लोंबकळत राहते. बोर्ड लांब गेलाय. आता त्या दोघी ड्युटीनंतरच्या चहाच्या बाकावर आहेत आणि बाकाखालून ढग जातायत. तिला विचारायचंच आहे, म्हणून ती विचारते.

"काय सांगायचं होतं तुला?"

चंद्रकला बराच वेळ आठवते. "काही नाही गं. सांगायचं असं काहीच नव्हतं. तू ऐकत असली की मला बरं वाटे, बस."

यापेक्षा तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं विमलला वाटतं. चंद्रकला तिच्याकडे बघते, आणि नव्या मुलींना शिकवताना बोलायची तशी सावकाश बोलते. "उचललं नाही तर कॉलच्या चिठ्ठीवर काय लिहायचो आपण? नो रिप्लाय. लिहायचं, अन् पुढचा कॉल घ्यायचा. त्यात रडायचं काय?"

"तू केला असतास का पुन्हा?"

"दुसऱ्या दिवशी तीनला. नक्की केला असता."

मग ती बोलायला लागते. डॉक्टर, सून, भाजीवाली. मेथी कशी महाग झाली, सुनेनं पडदे कसे बदलले. विमल ऐकते. मध्ये एकदाही हं, बरं, ठेवू का, असं म्हणत नाही. चंद्रकला बोलत असतानाच बाक हलायला लागतो.

विमान हलतंय. पट्टे बांधायची सूचना चाललीय. शेजारची सीट रिकामी आहे. सिनेमा कधीच संपलाय. हेडफोन कुणीतरी, बहुधा हवाई सुंदरीनंच, काढून वायर नीट गुंडाळून समोरच्या खिशात ठेवलाय. किती वेळ झाला कोण जाणे. त्याच्या गाद्या गार पडल्यात.

विमल केस मागे सारायला हात वर नेते आणि थबकते. डावा कान तापलाय. तिथं गोल वळ उठलाय आणि बोट लागताच हुळहुळतं. उजव्या कानाला काही झालेलं नाही. एक्स्चेंजमधला हेडफोन एकाच कानाचा असायचा. आठ तासांची ड्युटी करून उतरलं की कान असाच दुखायचा.

ती डोकं डाव्या कानावर टेकवते. दुखतं. ती तशीच राहते.