रेडिओवरची माझी साक्ष

हे मी प्रार्थनेतसुद्धा कधी बोललो नाही. देवाला ठाऊक असणारच — पण आपल्या तोंडानं कधी सांगितलं नाही. आज तुला सांगतो, मित्रा.

सौदीत, जुबैलला एका कारखान्यात मी पाइप जोडतो. इथं चर्च नाही. आमचं चर्च म्हणजे मोबाइलवरचा एक मराठी ख्रिस्ती रेडिओ — वचनं, शिकवण, गप्पा. जाहिरात नाही, ऐकणाऱ्यांच्या देणगीवर चालतो. कंपनीच्या बसमध्ये बसलं की कानात इअरफोन घालायचे नि ऐकत जायचं. गावाकडं, श्रीरामपूरला, माझी सुशीलाताईही तेच ऐकायची. आईमागं तिनंच मला वाढवलं.

एका वर्षी स्टेशन बंद पडायची वेळ आली. रेडिओवरचे पाळकसाहेब काकुळतीला येऊन सांगायचे — देणगी द्या, नाहीतर साक्ष तरी पाठवा. देवानं तुमच्यासाठी काय केलं ते ऐकून इतरांचे हात सैल होतील. माझा पगार अडकलेला. मग काय पाठवणार? साक्ष! व्हॉट्सअ‍ॅपवर बोललो — रेडिओवरच्या प्रार्थनेनं माझी शुगर गेली, गोळ्या सोडल्या. साफ खोटं! गोळी रोज चालूच होती. जीभ झडली कशी नाही माझी? उलट वाटलं, एवढ्याशा खोट्यानं चांगलं काम तगत असेल तर बिघडलं काय?

त्यांनी ती वाजवली. पुन्हा पुन्हा वाजवली.

ताईचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होतो. आनंदानं रडत होती बिचारी. तिला इन्सुलिन चालू होतं. म्हणाली, "बाळा, तुझं ऐकून मीपण बंद करते रे. करू ना?"

इथं — इथंच मी अडतो दरवेळी आठवताना. 'नको' म्हणायचं होतं, बस. पण शेजारी आमच्या प्रार्थना-गटातला डॅनियल, माझी साक्ष कामगारांच्या कॅम्पभर ऐकवत फिरणारा. त्याच्यादेखत खोटा पडू? माझी पाचावर धारण बसली. बरं, नंतर एकटा असताना तरी फोन करायचा की नाही? तोही केला नाही. लाज, दुसरं काय!

मी म्हणालो, "विश्वास ठेव, ताई."

थोड्याच दिवसांत ती बेशुद्ध पडली. दवाखान्यातून परत आली नाही. दाजींनी फोनवर कळवलं. मला शिव्या घालायच्या सोडून म्हणाले, तुझ्या साक्षीनं तिला शेवटपर्यंत धीर दिला. आणि मी? मी म्हणालो, "प्रभूची इच्छा, दाजी."

माझं पाप मी देवाच्या माथी मारलं.