बिनपात्याचं मशीन

भागुजी खरात डिंभ्याच्या धरणावर पाणी वाचायचे. पाटबंधारे खात्यात त्यांच्या नोकरीला दुसरं नाव होतं, पण गावात असंच म्हणत, "भागुजी पाणी वाचतो." रोज सकाळी भिंतीच्या आतल्या बाजूला रंगवलेल्या आकड्यांपाशी जायचं, पाणी कुठपर्यंत आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. धरणात पहिल्यांदा पाणी अडलं तेव्हापासून २००५ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केलं. हिवाळ्यात पाण्यावर इतकं धुकं असायचं की आकडा दिसायला सूर्य वर यावा लागे. तोवर ते पायरीवर बसून राहत. त्या वेळात आपण जागे असायचो की झोपेत, ते मला अजून कळत नाही, असं ते सांगतात. पाण्याखाली त्यांचीच जुनी वाडी होती. वर आभाळात एखादं विमान पांढरी रेघ ओढत जायचं, आणि ती रेघ खाली पाण्यातही दिसायची. भागुजींना वाटायचं, विमान वाडीवरूनच चाललंय.

पाणी वाचायला जाण्याआधी त्यांची दाढी झालेली असायची. हा नेम कधी चुकला नाही. मी घोडेगावच्या शाळेत मास्तर होतो, डिंभ्याहून येणाऱ्या गाडीत त्यांची गाठ पडायची. सुट्टी असो, ताप असो, हनुवटी गुळगुळीत आणि गालावर तुरटीचा पांढरट हात फिरलेला. माणूस तसा साधा, चपलेचा अंगठा शिवलेला. पण दाढीच्या बाबतीत एकदम कडक.

त्याला कारण होतं. भागुजींचे वडील सखाराम यांच्या तरुणपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसाची दाढी करायला गावातलं कोणी हात लावत नसे. वस्तीतलाच एक म्हातारा बोथट वस्तऱ्याने सगळ्यांचे गाल खरवडायचा. छप्पन साली सखारामने बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी मंचरच्या बाजारातून तो दाढीचं पितळी मशीन घेऊन आला. तीन तुकड्यांचं, मधे पातं घालून पिळायचं. दारात आरसा टांगून त्याने पोराला समोर बसवलं आणि म्हणाला, "बघ नीट. आपलं तोंड आपल्या हातात. कुणाम्होरं मान वाकडी करून बसायची न्हाई." भागुजी तेव्हा दहा वर्षांचे होते. पुढे दिवस बदलले, घोडेगावात सलूनं झाली, फिरत्या खुर्च्या आल्या, कोणी कोणाला अडवत नव्हतं. पण भागुजी कधी त्या खुर्चीत बसले नाहीत. डोक्याचे केस चुलतभाऊ कापायचा. दाढी स्वतःची स्वतः, वडिलांच्या मशीनने.

२००८ च्या जानेवारीत त्यांच्या मुलीचा, प्रतीक्षाचा फोन आला. ती दिल्लीला एका शेतकी संस्थेत शिकत होती. घरात रेंज नसायची, म्हणून भागुजी धरणाच्या भिंतीवर उभे राहून बोलले.

"आबा, मला डॉक्टरेट मिळाली. फेब्रुवारीत समारंभ आहे. तुमचं आणि आईचं विमानाचं तिकीट काढते."

"आई न्हाई यायची. म्हैस व्यायला झालीय आन् तिला हवेत भ्या वाटतं."

"मग तुम्ही तरी याच. फक्त एकच पिशवी आणा, खांद्याला लावता येईल अशी. मोठी बॅग आणली तर ती वेगळी द्यावी लागते, परत पट्ट्यावरून शोधून घ्यावी लागते. मला त्या दिवशी विमानतळावर यायला जमणार नाही. आणि आबा, पिशवीत ब्लेड ठेवू नका. काढून घेतात."

"ब्लेड? दाढीचं?"

"हो. सुरी, कात्री, ब्लेड काहीच चालत नाही आत."

फोन ठेवून भागुजी घराकडे चालू लागले. पोरगी डॉक्टर झाली हे मनात नीट उतरायच्या आतच ब्लेड मधे आलं होतं. जायचं दुपारच्या विमानाने, समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी, परत फिरायचं त्याच संध्याकाळी. म्हणजे प्रश्न एकाच दाढीचा होता. पण नेमकी तीच दाढी महत्त्वाची होती.

"कालची दाढी एक दिवस ऱ्हायली तर काय व्हतंय?" जानकाबाई, त्यांची बायको, म्हणाली.

"पोरीच्या समारंभाला खुंट घेऊन जाऊ व्हय?"

मंचरला ते दुकानात गेले. हायवेवर बटाट्याच्या ट्रका अडकून पडल्या होत्या, हॉर्नच्या गलक्यात दुकानदाराला मोठ्याने सांगावं लागलं, "विमानात न्यायचंय." दुकानदाराने आधी त्यांच्याकडे नीट बघितलं, मग काउंटरवर माल मांडला. एक पिवळं प्लास्टिकचं, वापरा आणि फेकून द्या. एक चकचकीत दांड्याचं, त्याच्या टोकाला तीन पाती आधीच बसवलेली. "ह्यातलं पातं उघडं नसतं ना भाऊ, म्हणून चालतं. माझा मेव्हणा नेहमी नेतो." भागुजींनी दोन्ही घेतली. तिसरं, सेलवर चालणारं, धरणावरच्या सोपानकडे होतं. सोपान दरवाजे उघडायच्या कामावर होता आणि त्याला असल्या वस्तूंची हौस होती. त्याने ते आठवडाभर वापरायला दिलं.

मग सुरू झाल्या त्या विचित्र सकाळी. पिवळ्या प्लास्टिकने पहिल्या दिवशी गाल साफ झाला, पण दुपारपर्यंत गळ्यावर लाल पुरळ उठलं. भागुजींचे केस राठ आणि वळणाचे, कातडीतच परत घुसणारे. दोन दिवस जुनंच मशीन वापरून, गळा बसल्यावर त्यांनी तीन पात्यांचं काढलं. ते मऊ चाललं, अगदी लोण्यासारखं, पण हनुवटीखाली केस अडकून ते ओढायला लागलं. पुरळ पुन्हा उठलं. सोपानचं मशीन तर भुंग्यासारखं घोंघावत गालावर फिरलं आणि खुंट होते तसेच ठेवून गेलं. गोठ्यातली म्हैस मात्र दावं ताणून उभी राहिली.

"ते बंद करा आधी!" जानकाबाई ओरडली. "म्हैस बिथारली माझी."

त्या आठवड्यात भागुजींना एकसारखी स्वप्नं पडायची. विमान धरणाच्या पाण्यात उतरलंय, आत सगळे आपापल्या जागी बसलेत, सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत. ते स्वतः दारात उभे आणि आत जायला त्यांना चेहराच सापडत नाही. पहाटे जाग आली की ते गालावरून हात फिरवून बघायचे.

शेवटी वाट जानकाबाईनेच काढली. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, भागुजी दाराशी मशीनचे तीन तुकडे पुसत बसले होते.

"त्यांची हरकत कशाला हाय? मशीनला का पात्याला?"

"पात्याला."

"मग मशीन न्या, पातं हितंच ठिवा. दिल्लीत पातं मिळत न्हाई का? तिथं समदी दाढीवालीच ऱ्हात्यात का?"

भागुजी हसले. इतकी सोपी गोष्ट आठ दिवसांत सुचली नव्हती. त्यांनी पात्यांची डबी फळीवर ठेवली, मशीनचे तुकडे धुतले आणि रुमालात बांधले. साबण, ब्रश, तुरटी, एक धुतलेला सदरा, जानकाबाईने केलेले तिळाचे लाडू. पिशवी खांद्याला लावून त्यांनी घरातच दोन फेऱ्या मारल्या.

पुण्याच्या विमानतळावर पिशवी काळ्या पडद्यातून आत गेली आणि पट्टा मधेच थांबला. वर्दीतल्या जवानाने ती बाजूला घेतली, उघडायला सांगितली. रुमाल सोडला तसे पितळेचे तीन तुकडे टेबलावर आडवे झाले.

"ये क्या है, बाबा?"

"दाढी का मशीन. ब्लेड नही है. ब्लेड गाव में रखा."

मागे रांग लागली होती. जवानाने दांडा उचलला, त्यावर खालची पट्टी बसवली, वरची टोपी ठेवली आणि हळूहळू पिळून मशीन जुळवलं. डोळ्यांपुढे धरून मधल्या रिकाम्या फटीतून उजेड बघितला. जवानाने ते जुळवलेलंच परत त्यांच्या हातात दिलं. "जाइए. अच्छी चीज़ है."

विमानात त्यांना खिडकी मिळाली. विमान धावत जाऊन वर उचललं गेलं, मग सगळं शांत झालं. खाली ढग होते. भागुजी सांगतात, तेव्हा मला कसलीच भीती वाटली नाही, कारण ते मी आधी बघितलेलं होतं. पायरीवर बसून, धुकं हटायची वाट बघत, इतकी वर्षं. फक्त या वेळी मी वरच्या बाजूला होतो. कुठे मधेच ढग फाटला आणि खाली एका पाण्यावर ऊन चमकलं, तेव्हा त्यांनी सवयीने आकडा शोधला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही हवंय का? ते म्हणाले, काही नाही, पाणी किती आहे बघत होतो. तिने बाटली पुढे केली.

संध्याकाळी संस्थेच्या पाहुणेघरात प्रतीक्षा भेटून गेली. तिच्या मागे शंभर कामं लागली होती. तिला ते पात्याचं काही बोलले नाहीत. फाटकासमोर एक किराणा दुकान त्यांनी येतानाच हेरून ठेवलं होतं.

सकाळी ते दुकान बंद होतं. दहाला उघडतं, असं पहारेकऱ्याने सांगितलं. साडेनऊला तर सभागृहात बसायचं होतं. दिल्लीची थंडी कानाला लागत होती आणि धुकं असं की रस्त्यापलीकडचं झाड नुसती सावली वाटावं. भागुजी खिशात मशीन घेऊन भिंतीच्या कडेने चालत राहिले. थोडं पुढे भिंतीवर एक आरसा दिसला. खिळ्याला टांगलेला, त्यात धुकं भरलेलं. त्याच्यासमोर लाकडी खुर्ची, आणि स्टोव्हवर वाफाळणारं पाण्याचं भांडं. अंगावर शाल गुंडाळलेला एक न्हावी कात्री पुसत होता.

"ब्लेड मिलेगा? एक?"

त्याने मान वर केली. भागुजींच्या हातातलं मशीन बघितलं. "मिल जाएगा. लेकिन इस ठंड में गरम पानी कहाँ ढूँढ़ोगे? बैठो, मैं बना देता हूँ।"

"नही नही, मैं खुद करता."

"अरे, बैठो तो।"

भागुजी उभेच राहिले. मला सांगताना या जागी ते नेहमी थांबतात. दारात आरसा टांगणारा बाप त्यांना समोर दिसत होता. मान वाकडी करायची नाही, असं सांगणारा. पण हा माणूस खुर्ची पुसत होता. त्याने त्यांचं नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं, त्याला फक्त एक म्हातारा थंडीत कुडकुडताना दिसत होता. बापाला लाज सोसावी लागली होती ती कुणी खुर्ची दिली नाही म्हणून, आणि इथे खुर्ची आपणहून पुढे आली होती. इतका विचार काही तेव्हा सुचला नाही, म्हणतात. पाय दुखत होते, बसलो.

न्हाव्याने गरम पाण्याचा हात गालावर फिरवला. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच दाढीच्या साबणाचा फेस दुसऱ्याच्या हाताने लागत होता. त्याने वस्तऱ्यात अर्धं नवं पातं बसवलं, दोन बोटांनी हनुवटी उचलली. भागुजींनी डोळे मिटले. पातं गळ्यावरून इतकं हलकं गेलं की ते त्यांना नुसतं ऐकू आलं. कुठेतरी खाली पाणी होतं, वर पांढरं होतं, मधे कोणीतरी त्यांचा चेहरा हातात धरून सावकाश शोधून काढत होतं. बोटं उबदार होती. डोळ्यांतून पाणी आलं ते फेसात मिसळलं, न्हाव्याने ते पुसलं.

"इधर कैसे आना हुआ?"

"बेटी डॉक्टर हुई. आज कागद मिलेगा."

"कौन-सी डॉक्टर?"

"मिट्टी की."

न्हाव्याचा हात थांबला. "मिट्टी का भी डॉक्टर होता है?"

"होता है," भागुजी म्हणाले. "मेरी बेटी है ना."

तुरटी फिरवून त्याने आरसा खिळ्यावरून काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पैसे दिले आणि तसेच सभागृहाकडे निघाले. पातं विकत घ्यायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

समारंभात नावं पुकारली जात होती. "प्रतीक्षा भागुजी खरात" हे शब्द आले तेव्हा भागुजी उठून उभे राहिले. मागून कोणी म्हणालं, बैठ जाइए. ते बसले नाहीत. ती पायऱ्या चढून गेली, कागद घेतला, उतरली आणि आपल्या जागी जाऊन बसली. मगच ते खाली बसले.

दुपारी तिने त्यांना आपली प्रयोगशाळा दाखवली. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत माती. तांबडी, काळी, राखेसारखी, एक तर जवळजवळ गुलाबी. बाहेरचं ऊन बाटल्यांमधून तिरपं येत होतं आणि खोलीत वेगवेगळे रंग सांडले होते.

"ही कुठली?" भागुजींनी विचारलं.

"राजस्थान."

"आन् ही?"

"ही आसामची. आबा, हातात घेऊन बघा. असं बोटात चोळा."

ते एकेका बाटलीपुढे थांबत होते. ती झाकण काढायची, चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवायची, नाव सांगायची. बाहेर टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

"आबा, विमान चुकेल."

"चुकू दे थोडं," भागुजी म्हणाले आणि पुढची बाटली खाली काढली.