गळ्याच्या आतला अंगठा

निघायच्या आदल्या दिवशी आत्या भोकरहून नांदेडला आली, ती फडक्यात बांधलेलं मडकं घेऊनच. "वर ठिव. पाणी भरू नको त्यात," म्हणाली. मी हो म्हटलं आणि सकाळी ती अंघोळीला गेल्यावर भरलंच! मी बाई उतावळी. एप्रिलचं नांदेड, आमचा जुना माठ गळतोय, आणि नवंकोरं मडकं माळ्यावर कशाला? वरच्यावर विसळलं, भरलं आणि निघताना त्यातूनच बाटली भरून घेतली.

जायचं कारण एक फोटो. लातूरच्या अलीकडच्या एका जुन्या कॉलेजात इतिहास विभागाने छोटं संग्रहालय केलंय. तिथल्या काळ्या-तांबड्या मडक्याचा फोटो मैत्रिणीने पाठवला होता. आत्याने मोबाईल नाकाला टेकवून पाहिला. काचबिंदूने तिचा एक डोळा गेलाय, दुसरा चाललाय, आणि गेलेली नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. "मला तिथं ने," ती म्हणाली. "दिसतंय तवर." आत्याने भोकरला आयुष्यभर मडकी थापली. आमच्याकडे बाबा मास्तर झाले आणि घरातली माती संपली, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

एसटीनेच जा, बायकांना अर्धं तिकीट आहे. लोह्याला गाडी थांबली तेव्हा गरम भजी घेतली. आत्याने बाटली तोंडाला लावली आणि थबकली.

"लई गार हाय गं. कुठलं पाणी?"

"घरचंच," मी म्हणाले आणि भजी पुढे केली. इथून कंधारच्या किल्ल्याला फाटा आहे. वेळ असेल तर जरूर जा, आम्हाला नव्हता. अहमदपूरला गाडी बदलून भर दुपारी पोचलो.

संग्रहालय म्हणजे एक लांबोडकी खोली. तिकीट नाही, पण आधी फोन करा, रविवारी बंद असतं. कुलूप उघडायला शिपाई खाजाभाई आले. आत गेलो आणि लाईट गेली. पंखा कुरकुरत थांबला. खोली भट्टीसारखी तापलेली, पण मडक्याच्या फळीजवळ गेल्यावर माझ्या हातावर शहारा आला. उगीच सांगत नाही.

"ह्याच्यात कोण हुतं?" आत्याने विचारलं.

खाजाभाई चपापले. "तुम्हाला कोण सांगितलं अम्मा? शेतात दगडांचं मोठं वर्तुळ होतं. त्याच्या खाली थडगं, थडग्यात हे. आत हाडं होती. सर म्हणतात, हजारो वर्षांचं हाय."

"मला हात घालू दे."

"न्हाई अम्मा, हात लावायला मनाई हाय."

"डोळ्याला दिसंना, बाबा. हातानंच बघते मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी मडकं खालून धरलं. आत्याने हात आत सोडला. गळ्यापाशी तो थांबला.

"अंगठा हाय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. अंत्यविधीचं मडकं असलं की ओल्या मातीत, गळ्याच्या आतून, अंगठा दाबायचा. बाहेरून दिसत नाही, पण देणाऱ्याचा हात ओळखतो, म्हणजे चुकून ते कुणाच्या घरी पाण्याला जात नाही. तिला हे सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने.

"आणि हे घडवणारीला कुणी शिकवलं?" मी मडक्याकडे बोट दाखवलं.

आत्याचा अंगठा आतच होता. "बसला बग बराबर," ती पुटपुटली. "माझ्या मागं कुणाला येत न्हाई हे." खाजाभाईंनी मडकं जागेवर ठेवलं आणि हात पुसले.

परत येताना ती खिडकीशी डोळे मिटून बसली होती. नांदेडला उतरून तिथूनच तिने भोकरची गाडी धरली.

घरी आले तर नवऱ्याने दिवसभरात मडकं संपवलेलं. "पाणी काय गोड होतं गं!" म्हणाला. पुन्हा भरावं म्हणून मी ते मोरीत घेतलं आणि घासायला हात आत घातला.

गळ्यापाशी, आतून, माझा अंगठा एका खळग्यात गेला.

मी ओल्या हातानेच फोन लावला. "आत्या, तुझी चूक झाली गं. तुला दिसलं नाही. हे मडकं..."

"चूक न्हाई. माझं हाय ते," आत्या शांतपणे म्हणाली. "डोळा हाय तवर करून ठिवलं. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं असतंय, मडकंबी माहेरनंच येऊ दे, म्हणून तुझ्याकडं आणलं. तू पाणी भरलंस व्हय गं?"

मी रडत होते.

"म्हंजी लोह्याला मी त्यातलंच पिले," ती म्हणाली आणि चक्क हसली. "गार हुतं की गं! असू दे. उन्हाळा काढ त्याच्यावर. पाऊस लागला की वाळवून वर ठिव. मला कुठं घाई हाय."

मडकं आज ओट्याशेजारी आहे. रोज सकाळी ते घासताना माझा अंगठा त्या खळग्यात जातो. आधी मी तो झटकन काढून घ्यायचे. आता ठेवते थोडा वेळ. तिच्या मागे कुणाच्या तरी हाताला ते ठाऊक असायला हवं.