जानकीमावशीच्या हातातला साबण

मंडळी, तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि बोल मला लागायचा!

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम नुकतंच निघालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी मुंबईत साबण-बिस्किटांच्या जाहिराती रंगवायचो. पगार चांगला, पण जीव कावलेला. एके दिवशी दिला राजीनामा! आता फक्त मनातली चित्रं काढणार!

बायको म्हणाली, "काढा. पण पावसाळ्याआधी असं एक तरी चित्र दाखवा, ज्यात काही विकायला ठेवलेलं नाही. नाहीतर मुकाट्याने परत नोकरीवर!"

मी तडक तारापूरजवळचं दांडी हे कोळ्यांचं गाव गाठलं. जानकीमावशी म्हणून एक कोळीण होती, तिच्या ओटीवर मुक्काम ठोकला.

"मावशी, तुमचं चित्र काढू?"

"काड की! पन मना नुसतं बसाया टाइम नाय हां."

ती पापलेट साफ करत होती, मी समोर बसून रंगवत होतो. काय तल्लीन झालो म्हणता! चित्र पुरं झालं तशी मावशी बघायला आली.

"भाऊ, मी कवा हसले अशी?"

बघतो तर काय! बत्तिशी चमकतेय, गाल गुलाबी, आणि साबणाची वडी धरावी तसा हात अलगद गालापाशी. पापलेट कुठे गेलं, देव जाणे! अहो, वर्षानुवर्षांची सवय हो!

शेजारीण ओरडली, "अगं बाय! जानकी साबन इकते!"

झालं! गावभर बोभाटा. दारात बायका हजर.

"जानके, मना एक वडी दे."

"माज्याकडं साबन नाय गो!"

"वा गं वा! चित्र काडून घेतलंस, आनि आमाला नाय म्हनतेस?"

अशी जुंपली म्हणता! शेजारणीने बोलणंच टाकलं. मावशी माझ्यावर उखडली, "भाऊ, भांडन लावलंस माज्या दारात! पूस ते!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं खरवडून टाकलं. दुसऱ्या दिवशी मावशी बाजारातून दमून आली आणि टोपली उतरवून कपाळाला हात लावून बसली. जशी दिसली तशी काढली. तिने बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"हां, आता मी हाय."

मला भरूनच आलं हो!

बायकोला बोलावून घेतलं. ती चित्राच्या जवळ गेली, मागे सरली, पुन्हा जवळ गेली.

"अगदी जिवंत काढलंयत," ती म्हणाली. मी मनातल्या मनात नोकरीला कायमचा रामराम ठोकला.

"पण अहो, डोकेदुखीच्या कुठल्या गोळ्यांची जाहिरात ही?"

"जाहिरात?" मी भडकलो. "यात गोळी दाखव मला कुठे आहे ती!"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे गोळ्यांची डबी नेमकी मावेल एवढी जागा मी कोरी सोडली होती!