परंड्याच्या वहीतले परदेशी

कुर्डुवाडीलाच माझं डोकं तापलं. परंड्याची एसटी दोन तास उशिरा आली, तीही खच्चून भरलेली. मी पुण्याची नर्स. कॉलऱ्याची लस टोचायला दुष्काळी कामावर पंधरा दिवस निघाले होते.

परंड्याचा किल्ला बघायची फार हौस होती. तो एसटीच्या खिडकीतून दिसला, तेवढाच. पुढे तलावाच्या कामावर नजर जाईल तिथवर खडी फोडणारी माणसं. जेवायला मिलोची (परदेशातून आलेली लाल ज्वारी) भाकरी आणि ठेचा. भाकरी घशाखाली उतरेना आणि ठेचा उतरला तो जाळत.

दवाखाना म्हणजे एक राहुटी. तिथं कलावती नावाची बाई आपली पोरगी खांद्यावर टाकून उभी होती. गावाकडचं काम बंद पडलं म्हणून घरातली पाच माणसं लोहाऱ्याहून चालत आलेली. पोरीला हगवण लागून डोळे खोल गेले होते. नोंदवही घेऊन बसलेला कारकून म्हणाला, "रेशन कार्ड?"

"सासऱ्यापाशी हाय. म्हातारं गावात एकलंच राह्यलंय. कार्ड म्या आणलं तर त्यानं काय खायाचं?"

"मग आपल्या तालुक्यात जावा. हितली औषधं न् लस हितल्या माणसांची."

माझं टाळकंच सरकलं. दोन वर्षांपूर्वी मी बंगालमध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत होते. सरहद्द ओलांडून माणूस आला की आधी लस, मग नावगाव. आणि इथं आपल्याच जिल्ह्यातल्या बाईला कार्ड! सलाईन नसेल तर साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायचं, हेही तिथलंच शिक्षण. साखर मागितली तर चहावाला म्हणाला, "साखर कार्डावर मिळती, बाई." कपाळ माझं! शेवटी गुळाचा खडा मिळाला. उकळलेल्या पाण्यात गूळ-मीठ घालून आम्ही दिवसभर पाजत बसलो. दिवस कलता कलता पोरगी मुतली, म्हणजे पाणी अंगी लागलं, आणि आम्ही दोघी आनंदानं हसलो.

पण लस राहिलीच. शेजारच्या पालातला एक माणूस कॉलऱ्यानं गेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कार्ड. बंगालचं मी कलावतीला बोलले होते. ती म्हणाली, "बाई, मग आमी तिकडनंच आलो म्हून लिवा की!"

मी रागारागात वही ओढली. मूळ गावाच्या रकान्यात पाची जणांपुढं 'बांगलादेश' लिहिलं. कारकुनानं दोनदा वाचलं.

"परदेशी असतील तर कार्डाचा प्रश्नच न्हाय," म्हणाला आणि शिक्का मारला. थट्टा म्हणावी तर चेहरा गंभीर. मी सुया उकळायला ठेवल्या.

पंधरा दिवसांनी मी निघाले तेव्हा कलावती एसटीपर्यंत आली. पोरगी कडेवर, चांगली वळवळत होती. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती खिडकीशी घुटमळली.

"बाई, पाऊस पडल्यावर आमाला लोहाऱ्याला परत जाऊ देतील न्हवं?"

"न द्यायला काय झालं! तुझंच गाव आहे ते!" मी ओरडलेच.

तिनं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. गाडी सुटली. कुर्डुवाडीपर्यंत मी चिडलेलीच होते. आधी कारकुनावर, मग स्वतःवर. लोहारा लिहूनच भांडायला हवं होतं.